‘पडून राहा’ म्हणण्याआधी तिचा दिवस विचारा

माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या गरोदरपणात तेहतिसाव्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया झाला. रक्तदाब 160/110 पर्यंत चढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि तातडीने सिझेरियन करून बाळाला जवळजवळ महिनाभर काचेच्या पेटीत ठेवावे लागले. तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनीही पहिल्याच भेटीत एक गोष्ट ठरवून टाकली: या खेपेस पूर्ण विश्रांती. त्या दिवशी तिचा रक्तदाब 110/70 होता आणि तक्रार एकही नव्हती. तरीही तिचे सकाळचे चालणे बंद झाले, जिना उतरणे बंद झाले, हातातला झाडूही काढून घेण्यात आला. पाचव्या महिन्यापर्यंत तिचे वजन गरजेपेक्षा कितीतरी वाढले होते, पाठ धरली होती, आणि एखाद्या संध्याकाळी चुकून चार पावले जास्त चालली तर रात्रभर तिच्या मनात अपराधीपणा घर करून राहत असे. तिच्याशी बोलताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हा सल्ला नेमका कशाच्या आधारावर दिला जातो.

आजार गंभीर आहे, म्हणूनच सल्लाही तितकाच पारखून घ्यायला हवा. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जाणे आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने येणे, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे, याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात शंभर गरोदर स्त्रियांपैकी दोन ते आठ जणींना तो होतो. वाढत गेला तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, वार सुटू शकते, पोटातल्या बाळाची वाढ खुंटते. ज्यांना आधीच्या खेपेस हा त्रास झाला आहे, ज्यांना मुळातच उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांच्या पोटात जुळी आहेत, त्यांना धोका जास्त. पहिलटकरीण, स्थूल किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रिया, आणि जिच्या आईला किंवा बहिणीला हा आजार होऊन गेला आहे अशी स्त्री, यांनाही सावध राहावे लागते. माझा मुद्दा या धोक्याच्या यादीत असलेल्या, पण अजून आजारी न पडलेल्या स्त्रियांपुरता आहे. हा फरक सुरुवातीलाच नीट मांडतो, कारण आपल्याकडे गोंधळ नेमका येथेच होतो: धोका असणे म्हणजे आजार असणे असे धरून दोघींना एकाच खाटेवर झोपवले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्याविषयी आणि त्यावरच्या उपचारांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. धोका असलेल्या स्त्रियांनी केवळ आजार टळावा म्हणून घरी विश्रांती घेत राहावे, या सल्ल्याची शिफारस त्यांत करण्यात आलेली नाही. उलट तो देऊ नये असेच म्हटले आहे. रक्तदाब वाढल्यानंतरही सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवण्याची शिफारस नाही, आणि प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी जेवणातले मीठ तोडण्याचीही नाही. विश्रांतीच्या बाजूने पुरावा अगदीच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दिवसातून काही तास आडवे होण्याने फायदा झाल्याचे सुचवणारे छोटे प्रयोग झाले आहेत. 2006 साली त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा दोन प्रयोगांत मिळून स्त्रिया होत्या फक्त 106. एवढ्या आधारावर लक्षावधी स्त्रियांना महिनोन्महिने पडून राहायला सांगणे मला पटत नाही, कारण पडून राहणे निरुपद्रवी नसते. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. हालचाल थांबली की पायाच्या शिरांत गुठळी होण्याची भीती वाढते, स्नायू झिजतात, हाडे कमजोर होतात, साखर वाढते, आणि मनावर येणारा ताण तर कोणी मोजतच नाही.

मग व्यायामाच्या बाजूने काय आहे? 2018 साली कॅनडातील संशोधकांनी जगभरातल्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. गरोदरपणात नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भावस्थेतील मधुमेहाची शक्यता 38 टक्क्यांनी, गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाची 39 टक्क्यांनी आणि प्रीएक्लॅम्प्सियाची 41 टक्क्यांनी कमी आढळली. त्यापूर्वी, 2016 साली, स्पेनमध्ये 765 स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून तीन दिवस देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण 2.1 टक्के होते, तर व्यायाम न करणाऱ्या गटात 5.7 टक्के. कॅनडाची 2019 सालची मार्गदर्शक सूत्रे, अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे 2020 सालचे मत आणि त्याच वर्षी आलेली जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालींविषयीची सूत्रे या तिन्हींचा मथितार्थ एकच आहे: वैद्यकीय अडचण नसेल तर गरोदर स्त्रीने आठवड्याला साधारण 150 मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा. मध्यम जोराची खूणही सोपी आहे. चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

हे आकडे वाचून ‘विश्रांती सोडा, व्यायाम करा’ अशी नवी घोषणा द्यावी असा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. यांतल्या बहुतेक चाचण्या निरोगी, कमी धोक्याच्या स्त्रियांवर झाल्या आहेत, त्याही युरोप-अमेरिकेत. ज्यांना पूर्वी प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेला आहे अशा स्त्रियांवर नेमका प्रयोग अमेरिकेत झाला आणि 2008 साली प्रसिद्ध झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बैठी जीवनशैली असलेल्या 79 स्त्रियांचे त्यात दोन गट केले गेले. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस मध्यम जोराने चालायचे, दुसऱ्याने तितकाच वेळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करायचे. चालणाऱ्या 41 जणींपैकी 14.6 टक्के स्त्रियांना पुन्हा प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तर अंग ताणणाऱ्या 38 जणींमध्ये हे प्रमाण 2.6 टक्के होते. म्हणजे प्रत्यक्षात सहा जणी आणि एक जण. इतक्या लहान संख्येवरून चालणे घातक ठरत नाही, की ताणाचे व्यायाम रामबाणही ठरत नाहीत. पण ज्या स्त्रीची वार आधीच एकदा दगा देऊन गेली आहे, तिच्या बाबतीत व्यायाम जितका जोराचा तितका चांगला, असे गृहीत धरता येत नाही, एवढे हा प्रयोग नक्की बजावतो. बेंगळुरूमध्ये अधिक धोक्याच्या 68 गरोदर स्त्रियांवर योगाभ्यासाचा प्रयोग झाला आणि 2012 साली त्याचे निष्कर्ष आले. तेथेही सौम्य आसने, श्वसन आणि शिथिलीकरण करणाऱ्या गटात रक्तदाबाच्या तक्रारी कमी आढळल्या. हा प्रयोगही लहानच. तरी दोन्हींचा कल एका दिशेला आहे: धोका असलेल्या स्त्रीला हालचाल हवी, आणि ती सौम्यपणाकडे झुकणारी हवी.

दुसऱ्या टोकाचा इशारा डेन्मार्कमधून आला आहे. तेथील 85,000हून अधिक गरोदर स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला 270 मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण वाढलेले दिसले. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे, त्यामुळे कारण व्यायामच असे म्हणता येत नाही. परंतु 150 मिनिटे चांगली तर 300 दुप्पट चांगली, हा हिशेब सोडून द्यायला एवढे पुरेसे आहे.

आजाराचे स्वरूप पाहिले तर ही मर्यादा समजते. प्रीएक्लॅम्प्सियाची मुळे बहुधा पहिल्या काही महिन्यांतच रुजतात. वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजताना तेथील नागमोडी रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त कमी पडते, आणि उपाशी वार अशी द्रव्ये आईच्या रक्तात सोडते की तिच्या सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. रक्तदाब वाढणे हे त्याचे उशिरा दिसणारे रूप. नियमित हालचालीमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते, इन्सुलिन नीट काम करते, वजन बेसुमार वाढत नाही. त्यामुळे तिचा फायदा होणे समजण्यासारखे आहे. पण चौथ्या महिन्यात सुरू केलेले चालणे पहिल्या तीन महिन्यांत अरुंद राहून गेलेल्या वाहिन्या रुंद करून देणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. वर सांगितलेले सगळे प्रयोग अशा स्त्रियांवर झाले, ज्यांच्या आयुष्यात व्यायाम ही वेगळी, फावल्या वेळात करायची गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या लाखो गरोदर स्त्रियांचा दिवस तसा नसतो. पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी 1990च्या दशकात जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यात त्यांच्या आहाराबरोबर त्यांच्या श्रमांचीही नोंद ठेवली होती: शेतातले काम, पाणी भरणे, धुणी धुणे, घरकाम. त्यातून 2003 साली पुढे आलेला निष्कर्ष असा की ज्या स्त्रियांना अतोनात श्रम पडत होते, त्यांची बाळे जन्मतः लहान होती. तो अभ्यास प्रीएक्लॅम्प्सियाचा नव्हता, हे खरे. पण गरोदर शरीराला श्रमाचा हिशेब चुकवता येत नाही, हे त्याने आपल्याच मातीत दाखवून दिले. आणि 2020 साली जगभरातल्या 80 अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात कामाच्या ठिकाणी 11 किलो किंवा त्याहून जास्त वजन उचलणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता वाढलेली आढळली.

शरीर तर तेच, स्नायूही तेच हलतात. मग फिरायला जाणारीला लाभ आणि मोळी वाहणारीला तोटा, असे का व्हावे? व्यायाम थोड्या वेळाचा असतो, आपण ठरवलेल्या वेगाने होतो, दमले की थांबता येते, आणि नंतर रक्तदाब खाली येतो. मजुरीत वेग दुसरा ठरवतो. तासन्‌तास उभे राहणे, वाकणे, ओझे उचलताना श्वास रोखून धरणे, उन्हात पाणी न पिणे, दुपारच्या जेवणाला उशीर, आणि थांबलो तर पैसे बुडतील ही धास्ती, हे सर्व त्यात असते. बीड, जालना, अहिल्यानगर भागातून दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते, आणि ज्या दिवशी बाई कामावर येत नाही त्या दिवसाचा खाडा कापला जातो. ती पोटुशी असली तरी मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि ट्रॉलीत चढवायच्या असतात. कित्येकदा पहाटेचे काम सुरू होते तेव्हा उजाडलेलेही नसते. तिला तपासणीच्या वेळी ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगणे हे तिच्या आयुष्याकडे न पाहता दिलेले औषध आहे, आणि ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे खरे असले तरी पोकळ आहे, कारण त्या विश्रांतीचे पैसे कोणी देत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. नोकरदार स्त्रीला 2017 सालापासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. कोयत्यावरच्या स्त्रीच्या वाट्याला त्यातला एक आठवडाही येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका असलेल्या स्त्रीला व्यायामाचा किंवा विश्रांतीचा कोणताही सल्ला देण्याआधी तिचा दिवस विचारला पाहिजे. सकाळी किती वाजता उठते, पाणी कोठून आणते, किती तास उभी असते, किती तास बसून असते, डोक्यावर-कमरेवर किती वजन घेते, दुपारी पाठ टेकायला मिळते का. ही पाच-सहा वाक्यांची चौकशी आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 सालापासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांचे रकाने आहेत. त्यांच्याच शेजारी ‘रोजचे काम’ असा एक रकाना असावा, आणि तो आशाताईने गृहभेटीत भरावा, कारण घरात पाणी कोण भरते हे रुग्णालयातल्या टेबलापेक्षा उंबऱ्यावर लवकर कळते. गर्दीच्या दिवशी डॉक्टरांना एका बाईसाठी तीन मिनिटेही मिळत नाहीत, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खराही आहे. पण त्याच तीन मिनिटांत ‘जपून राहा’ असे आजही सांगितले जाते. चुकीच्या बाईला चुकीचा सल्ला द्यायलाही वेळ लागतोच.

दिवस विचारला की सल्ला आपोआप वेगळा होतो. माझ्या बहिणीसारखी जी आठ तास खुर्चीत बसते आणि घरी आल्यावर तिला कोणी उठू देत नाही, तिला डॉक्टरांच्या संमतीने चालायला सांगावे. दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या तासावर नेण्यास, त्याला सौम्य योगासनांची जोड देण्यास, पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपून करायचे व्यायाम टाळण्यास, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाट किंवा संध्याकाळ धरण्यास. जी दिवसभर राबते, तिला व्यायाम सांगूच नये. तिचे ओझे कमी कसे होईल ते पाहावे, हंडा दुसऱ्या कोणी उचलावा यासाठी तिच्या नवऱ्याशी आणि सासूशी बोलावे. ‘आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत कामं केली, काही झालं नाही’ असे सांगणाऱ्या सासूबाई खोटे बोलत नसतात. पण ज्यांना झाले, त्या सांगायला उरल्या नाहीत.

काही बाबतींत मात्र तडजोड नाही. प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान झाले, रक्तदाब आटोक्यात नाही, बाळाची वाढ खुंटली आहे, रक्तस्राव होतो आहे किंवा पाणी जाते आहे, अशा वेळी व्यायाम बंद. कॅनडाच्या सूत्रांतही ही कारणे व्यायामाला पूर्ण मनाई करणाऱ्या यादीत आहेत. त्या अवस्थेत बाईने रोजचे साधे हिंडणे-फिरणे किती करावे हे तिच्यावर उपचार करणाऱ्यांनी ठरवायचे असते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. ‘गरोदरपणात सूज येतेच’ या एका वाक्याने आपल्याकडे फार बायका गमावल्या आहेत.

शिवाय व्यायामाला त्याच्या जागी ठेवले पाहिजे. ज्या उपायांच्या मागे भक्कम पुरावा आहे ते वेगळेच आहेत. अधिक धोक्याच्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहणाऱ्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजांत कॅल्शियमच्या गोळ्यांनी धोका घटतो. बेंगळुरू आणि टांझानियातील 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी तर 500 मिलिग्रॅमची छोटी मात्रा 1500 मिलिग्रॅमपेक्षा कमी पडत नाही असे दाखवले, आणि रोज तीन गोळ्या गिळण्याऐवजी एक गिळणे कोणत्याही बाईला सोपे. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने कोणी सुरू करू नये. पण ज्या स्त्रीला आधीच्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, तिने तिसरा महिना संपण्यापूर्वीच डॉक्टरांना ‘मला ॲस्पिरिन लागेल का?’ असे विचारावे, आणि डॉक्टरांनी या प्रश्नाचा राग मानू नये. माझ्या बहिणीला दुसऱ्या खेपेस विश्रांती पहिल्या भेटीत सांगितली गेली. ॲस्पिरिनचा विषय निघाला तो विसाव्या आठवड्यात, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर. त्याच डॉक्टरांनी तिला रोज वीस मिनिटे चालायला लावले आणि घरी रक्तदाब मोजायला शिकवले. तिचे दिवस भरले आणि मुलगी 2.9 किलोची झाली. हे चालण्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. एका बाळंतपणावरून तसे कोणालाच म्हणता येत नाही. पण ते शेवटचे चार महिने ती खाटेवर पडून घाबरत राहिली नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

आणि ज्या काळात व्यायामाची बाजू सर्वांत भक्कम आहे, त्या काळाबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणाबरोबर संपतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतही तो उद्भवू शकतो, आणि ज्या स्त्रीला तो झाला तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. सव्वा महिन्याचे बाळंतपण संपते, शेक-शेगडी आवरली जाते, बाळाच्या लसीकरणाच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिल्या जातात, आणि आईचा रक्तदाब पुन्हा मोजला जातो तो बहुधा पुढच्या गरोदरपणात, नाहीतर चाळिशीनंतर काहीतरी बिघडल्यावर. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर बाळाचे वजन लिहिलेले असते. त्याच कागदावर तिच्यासाठी दोन ओळी हव्यात: दर वर्षी रक्तदाब मोजून घेणे, आणि अंगात बळ आले की चालायला लागणे. बाळाला लस टोचायला आणलेल्या आईच्या दंडाला त्याच खोलीत रक्तदाबाचा पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात; यंत्र टेबलावर असतेच.